सादृश्य येते कोठून?
(तैलरंगातील व्यक्तिचित्र : पहिले धडे)

१. लोक काय विचारतात

शाहूवाडी तालुक्यातील एखाद्या जुन्या शाळेत अथवा कचेरीत गेले असता मुख्य खुर्चीच्या मागील भिंतीवर राजर्षी शाहू महाराजांची तसबीर बहुधा दृष्टीस पडते. आणि ती छापील नसून कोणा चित्रकाराच्या हातची, तैलरंगांत रंगविलेली असेल, तर तिच्यासमोर क्षणभर थांबणाऱ्याच्या मनात दोन प्रश्न एकापाठोपाठ एक उभे राहतात. कापडावर चढविलेल्या मातीच्या आणि तेलाच्या या थरांतून जिवंत माणूस समोर बसल्याचा प्रत्यय येतो तो कशामुळे, हा पहिला प्रश्न. आणि हे मला शिकता येईल काय, हा दुसरा.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधीच देऊन टाकतो : येईल. ‘चित्राला हात असावा लागतो’ हा समज आपल्याकडे इतका रूढ आहे की, ज्याला सही नीट करता येते, सुईत दोरा ओवता येतो आणि भिंतीवर खिळा सरळ ठोकता येतो, तोसुद्धा आपल्याला हात नाही असे सांगून मोकळा होतो. हाताचे काम व्यक्तिचित्रात आहेच, पण ते दुय्यम आहे. प्रथम शिकावयाचे ते पाहणे, आणि पाहण्याचे शिक्षण कोणत्याही वयात, कोणत्याही गावी, सुरू करता येते.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मात्र सावकाश द्यावे लागेल, कारण ते बहुतेकांच्या अपेक्षेच्या उलट आहे. चेहऱ्याची ओळख डोळे, नाक, ओठ या अवयवांत आहे असे आपण समजतो, आणि म्हणून नवशिका प्रथम डोळा काढतो, मग दुसरा डोळा, मग नाक, आणि शेवटी या सर्वांना वेढणारी एक रेघ ओढून त्या आकृतीला चेहरा म्हणतो. परंतु आपल्याच रोजच्या अनुभवाची साक्ष काढून पाहा. सांजवेळी कडवी नदीच्या काठाने, बांधावरून कोणी येत असतो. अंतर एवढे की डोळे दिसत नाहीत, नाक दिसत नाही. आणि तरी अंगणात बसलेली म्हातारी सांगते की, हा अमक्याचा थोरला. तिने ओळखला तो खांद्यांचा उतार, मानेचा कल, डोक्याचा एकूण घाट आणि त्यावर पडलेला उजेड. सादृश्य तेथे असते. अवयव त्याला पक्के करतात, निर्माण करीत नाहीत. या प्रकरणात पुढे जे काही सांगितले आहे ते या एकाच गोष्टीचे स्पष्टीकरण आहे.

२. कोल्हापुरात ही विद्या कशी रुजली

तैलरंग ही मूळची आपल्याकडील वस्तू नव्हे. पंधराव्या शतकात यान व्हान आइक याच्यासारख्या फ्लँडर्समधील चित्रकारांनी ते माध्यम पूर्णत्वास नेले, आणि एकोणिसाव्या शतकात संस्थानिकांच्या दरबारी येणाऱ्या युरोपीय चित्रकारांबरोबर ते आपल्या दृष्टीस पडू लागले. त्रावणकोरच्या दरबारात आलेल्या थिओडोर जेन्सन या चित्रकाराचे काम जवळून पाहून राजा रविवर्मा यांनी (१८४८–१९०६) या माध्यमाची रहस्ये उचलली, हा वृत्तान्त प्रसिद्ध आहे. इकडे मुंबईत सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून १८५७ साली कलाशाळा निघाली आणि तेथे चित्रकलेचे क्रमवार शिक्षण मिळू लागले.

कोल्हापूरचा या इतिहासातील वाटा त्याच्या आकाराच्या मानाने फार मोठा आहे. आबालाल रहिमान हे कोल्हापूरचे. मुंबईच्या त्या कलाशाळेत शिकून ते परत आले, शाहू महाराजांच्या दरबारचे चित्रकार झाले आणि कोटितीर्थाच्या परिसरात एकान्तात राहून १९३१ साली मृत्यू येईपर्यंत चित्रे काढीत राहिले. त्यांची कीर्ती मुख्यतः निसर्गचित्रांची. तथापि प्रकाशाचे जे सूक्ष्म भान त्यांच्या जलरंगांत दिसते, तेच व्यक्तिचित्रकाराचेही मूळ भांडवल होय. महादेव विश्वनाथ धुरंधर यांचा जन्मही कोल्हापूरचाच, १८६७ सालचा. ते १८९० साली मुंबईच्या कलाशाळेत दाखल झाले आणि पुढे तेथेच अध्यापक म्हणून त्यांचे आयुष्य गेले. ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ हे त्यांचे आत्मवृत्त नवशिक्या चित्रकाराने अवश्य वाचावे.

परंतु माझ्या मते या शहराचे खरे वैशिष्ट्य कलाशाळेबाहेरच्या शिक्षणात आहे. बाबूराव कृष्णराव मेस्त्री, म्हणजेच कलामहर्षी बाबूराव पेंटर (१८९०–१९५४), आणि त्यांचे नात्यातील बंधू आनंदराव हे कारागिरांच्या घरातून आलेले. त्यांना कोणत्याही कलाशाळेची सनद नव्हती. संगीत नाटक मंडळ्यांचे भव्य पडदे रंगवीत, माणसांची चित्रे काढीत, निरीक्षणाने आणि परिश्रमाने त्यांनी ती विद्या हस्तगत केली. १९१६ साली आनंदराव निवर्तले. पुढच्याच वर्षी बाबूरावांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि १९२० साली त्यांचा ‘सैरंध्री’ हा चित्रपट आला. चित्रकार चित्रपटाकडे वळला यात आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. चेहऱ्यावर उजेड कोठून घ्यावा आणि सावली कोठे पडू द्यावी, हा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे.

३. बैठक आणि खिडकी

म्हणून पहिला धडा रंगाचा नाही, खिडकीचा आहे.

ज्याचे चित्र काढावयाचे त्याच्यावर उजेड एकाच बाजूने, किंचित वरून, आणि दिवसभर सारखाच पडावा. दोन खिडक्यांचा उजेड दोन बाजूंनी आला की, सावल्या एकमेकींना पुसून टाकतात आणि चेहऱ्याचा उंचसखलपणा नाहीसा होतो. सर्व युरोपीय ग्रंथ यासाठी उत्तरेची खिडकी सांगतात, कारण त्यांच्या देशांत चित्रकाराच्या कामाच्या वेळी सूर्य उत्तरेकडे कधीच नसतो आणि उत्तरेच्या खिडकीतून केवळ आकाशाचा शांत प्रकाश येतो. आपण मात्र विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे १७ अंशांवर राहतो. त्यामुळे मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत मध्यान्हीचा सूर्य आपल्या डोक्याच्या उत्तरेकडून जातो. जून लागला की शाहूवाडीत सूर्य ढगांआड जातो आणि अडचण आपोआप मिटते. परंतु मे महिन्यात उत्तरेच्या खिडकीवर पातळ पांढरे धोतर ताणून बांधावे लागते. वर्षातील उरलेल्या महिन्यांत मात्र भर दिवसा ग्रंथातला नियम आपल्यालाही लागू पडतो.

बसणाऱ्याची खुर्ची खिडकीपासून पाच-सहा फुटांवर, तिरकी ठेवावी. खुर्चीच्या पायांभोवती जमिनीवर खडूने खुणा कराव्यात, म्हणजे दुसऱ्या दिवशी तीच जागा सापडते. वीस मिनिटे बसणे, पाच मिनिटे विश्रांती, हे प्रमाण वयस्क माणसास झेपते. त्याच्याशी बोलत राहावे. गप्प बसवून ठेवलेल्या माणसाचा चेहरा हळूहळू रिकामा होत जातो आणि मग तो रिकामा चेहराच चित्रात उतरतो. आणि छायाचित्रावरून काम करण्याचा मोह आरंभी तरी टाळावा. कॅमेरा एका डोळ्याने पाहतो आणि सावलीतील बारकावे गिळून टाकतो. ज्याने जिवंत माणसे पाहून अभ्यास केला आहे त्यालाच छायाचित्रात काय हरवले आहे ते कळते आणि भरून काढता येते.

४. मापे, आणि मापांपासून ढळणे

आपल्या प्राचीन परंपरेने चित्राची सहा अंगे सांगितली आहेत; कामसूत्रावरील यशोधराच्या जयमंगला टीकेत ती येतात. त्यांत ‘प्रमाण’ आणि ‘सादृश्य’ ही दोन स्वतंत्र अंगे आहेत. हा भेद किती मार्मिक आहे, हे प्रत्यक्ष काम करताना समजते.

प्रमाण सर्वांचे जवळजवळ सारखे असते. समजा, चित्रातील डोके हनुवटीपासून टाळूपर्यंत ८ इंच काढावयाचे आहे. डोळ्यांची रेषा त्याच्या बरोबर मध्यावर, म्हणजे हनुवटीपासून ४ इंचांवर येते. नवशिक्याला हे पटत नाही. कपाळ व टाळू यांत पाहण्यासारखे काही नसल्याने तो तो भाग आखूड करतो आणि डोळे फार वर नेतो. हनुवटी ते नाकाचा तळ, नाकाचा तळ ते भुवई आणि भुवई ते केसांची रेषा ही तीन अंतरे सरासरीने समान, म्हणजे येथे प्रत्येकी सव्वादोन इंच. आणि उरलेला सव्वा इंच केसांचा. दोन डोळ्यांच्या मध्ये आणखी एक डोळा मावेल एवढी जागा असते.

आपल्याकडे यात एक खास अडचण आहे, ती परदेशी पुस्तकांत सापडणार नाही. फेटा बांधलेल्या माणसाची टाळू दिसतच नाही. फेट्याची उंची डोक्यात धरली तर डोळे वर चढतात, आणि फेटा वगळून दिसेल तेवढाच चेहरा मोजला तर खाली घसरतात. अशा वेळी मध्याचा नियम सोडून द्यावा आणि भुवई, नाकाचा तळ व हनुवटी या तीन खुणांवर भिस्त ठेवावी. कवटी फेट्याच्या आत कोठपर्यंत असेल ते कानाच्या जागेवरून अजमावावे, कारण समोरून पाहता कान साधारणपणे भुवई आणि नाकाचा तळ यांच्या दरम्यान असतो.

आता सादृश्य. मापे ही सर्वांची. माणूस त्या मापांपासून जेथे ढळतो तेथे तो स्वतः असतो. एकाचे नाक सव्वादोनऐवजी अडीच इंच भरते, दुसऱ्याची हनुवटी आत ओढलेली असते, तिसऱ्याचा एक खांदा आयुष्यभर ओझे वाहून उतरलेला असतो. म्हणून नियम शिकावयाचे ते लादण्यासाठी नव्हेत. समोरचा माणूस नियमाहून किती वेगळा आहे ते मोजता यावे यासाठी. मोजण्याची साधने साधी आहेत. हात पूर्ण ताठ करून ब्रशाची दांडी डोळ्यासमोर धरावी, एक डोळा मिटावा आणि अंगठ्याने अंतर पकडावे. उभ्या रेषेसाठी गवंड्याचा ओळंबा घ्यावा, नाही तर दोऱ्याला खडा बांधावा. तो समोर धरला की डोळ्याचा आतला कोपरा आणि नाकपुडीची कड एका उभ्या रेषेत आहेत की नाहीत, याचा निवाडा तत्काळ होतो. मान किंचित कललेली असेल तर हा ओळंबाच ती पकडतो, आणि मानेचा तो कल पुष्कळदा निम्मे सादृश्य असते.

५. उजेडाचे पाच भाग

कोळशाने आकृती बेतली, मापे जुळली. तरी चेहरा कागदासारखा सपाट दिसतो. त्याला गोलाई येते ती छटांमुळे. छटा म्हणजे रंग कोणता हा प्रश्न बाजूला ठेवून, तो किती उजळ वा किती गडद, एवढाच हिशेब.

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय परीक्षांसाठी ज्यांनी वस्तुचित्रे काढली असतील त्यांना हा पाठ परिचयाचा आहे. खिडकीशेजारी मातीची घागर ठेवा. उजेड सरळ पडतो तेथे प्रकाश. घागर वळू लागते तेथे मध्यछटा. उजेड पोहोचेनासा होतो त्या सीमेवर सर्वांत गडद पट्टा, तीच मुख्य छाया. तिच्या पलीकडे जमिनीवरून वा भिंतीवरून परतलेल्या उजेडाने किंचित उजळलेली सावली. आणि घागरीने जमिनीवर टाकलेली पडछाया. कपाळ, गाल, नाक, हनुवटी या प्रत्येकाला हेच पाच भाग आहेत. परतलेला उजेड मोहक दिसतो आणि नवशिका तो हमखास जास्त उजळ करतो. सावलीतील सर्वांत उजळ जागाही प्रकाशातील सर्वांत गडद जागेहून गडदच असली पाहिजे, एवढा एक दंडक पाळला तरी चित्र वाचते.

छटा ओळखण्यात मन आपल्याला फसविते. पोस्टकार्डाएवढ्या करड्या जाड कागदाला वाटाण्याएवढी दोन भोके पाडा आणि खिडकीशेजारी बसलेल्या माणसाकडे त्यांतून पाहा. एका भोकात उजेडातला सावळा गाल आणि दुसऱ्यात सावलीकडच्या बाजूचा पांढराशुभ्र सदरा येईल असे करा. उजेड तीव्र असेल तर सदरा गालापेक्षा गडद दिसेल. सदरा पांढरा आहे हे मनाला ठाऊक असते, म्हणून हात पांढरा रंग उचलतो. आणि तेथेच सारे चित्र मोडते. डोळ्याच्या बुबुळाभोवतीचा पांढरा भाग, म्हाताऱ्याची पांढरी मिशी, दात, यांच्याबाबतीत हीच चूक वारंवार घडते. उपाय जुना आणि खात्रीचा आहे : डोळे किलकिले करून पाहणे. पापण्या अर्ध्या मिटल्या की बारकावे विरतात आणि केवळ उजेडाचे व सावलीचे मोठे आकार उरतात. त्या आकारांतच माणूस ओळखू येत असेल तर पुढे जावे. येत नसेल तर पापण्यांचे केस काढून काहीही साधणार नाही.

६. तेल वाळते म्हणजे काय होते

आता रंगाकडे वळू. जलरंगातील पाणी उडून जाते आणि रंग वाळतो. तैलरंगात तेल उडून जात नाही. जवसाचे तेल हवेतील प्राणवायू शोषून घेते आणि त्याचे द्रवरूप नाहीसे होऊन चिवट, पारदर्शक पटल बनते. या क्रियेत त्याचे वजन घटत नाही, उलट आरंभी वाढते. काचेच्या तुकड्यावर एका बाजूस जवसाचे आणि दुसऱ्या बाजूस खोबरेल तेल पातळ चोळून ठेवा. काही दिवसांनी जवसाचा थर बोटाला लागेनासा होईल. खोबरेल मात्र तसेच राहील, कारण त्याच्या अंगी हा गुण नाही.

या मंदपणातच तैलरंगाचे सारे सामर्थ्य आहे. गालावरचा प्रकाश आणि मध्यछटा यांच्या सीमेवरून कोरडा ब्रश हलकेच फिरविला तर दोन्ही ओले रंग एकमेकांत मिसळतात, आणि हे आज दुपारी नाही साधले तर सायंकाळीही साधता येते. अर्थात तैलरंग म्हणजेच व्यक्तिचित्र, असे कोणी समजू नये. सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचे, हाती दीप धरलेल्या स्त्रीचे, म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातील विख्यात चित्र अनेकांना तैलचित्र वाटते. ते जलरंगांत आहे. जलरंग चूक सुधारू देत नाही, एवढाच नवशिक्याच्या दृष्टीने भेद.

वाळण्याच्या याच रीतीतून तैलचित्रणाचा मूलभूत नियम निघतो : खाली पातळ, वर सतेल. पहिल्या थरात रंग टर्पेंटाईनने पातळ करावा, म्हणजे तो लवकर सुकतो. वरच्या थरांत क्रमाने जवसाचे तेल वाढवावे, म्हणजे ते लवचीक राहतात. हा क्रम उलटा केला तर काय होते? खालचा तेलकट जाड थर, तापवून ठेवलेल्या दुधावर साय धरावी तसा वरून सुकल्यासारखा दिसतो आणि आत द्रवच असतो. त्यावर चढविलेला पातळ रंग लवकर ताठरतो, खालचा थर मात्र पुढे कित्येक महिने आकुंचन पावत राहतो, आणि वरच्या ताठर थराला भेगा पडतात. जुन्या वाड्यांतील कित्येक तसबिरींच्या काळ्या पार्श्वभूमीवर जे जाळे दिसते त्याचे एक कारण हेच.

येथे एक इशारा देणे कर्तव्य आहे. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात टाकून ठेवू नये. प्राणवायू शोषताना उष्णता निर्माण होते, बोळ्यात ती कोंडते आणि चिंध्या आपोआप पेट घेऊ शकतात. त्या पसरून उघड्यावर वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवाव्यात. टर्पेंटाईन वापरताना खिडकी उघडी असावी. आणि जुने चित्रकार वापरीत तो सफेदा शिशाचा, म्हणजे विषारी असल्याने आज टिटॅनियमचा पांढरा रंगच घ्यावा.

७. चार रंगांची शिधोरी

१८४१ साली जॉन रँड या अमेरिकन चित्रकाराने कथलाची नळी शोधून काढली, त्याआधी रंग घोटून तेलात मळणे हे चित्रशाळेतील शिष्याचे नित्यकर्म होते. आज दुकानात नळ्यांच्या रांगा असतात आणि नवशिका त्यांना भुलतो. माझा सल्ला असा की, पहिली दोन वर्षे चारच रंग घ्यावेत : पांढरा, यलो ऑकर म्हणजे पिवळी माती, हिंगुळासारखा तांबडा, आणि आयव्हरी ब्लॅक. स्वीडनचा चित्रकार अँडर्स झॉर्न (१८६०–१९२०) याच्या नावाने ही चौकडी ओळखली जाते. यांत निळा नाही, आणि तरी निळ्याचा भास होतो. काळ्यात पांढरा मिसळून झालेला करडा पिवळ्या-तांबड्याशेजारी ठेवला की तो निळसर दिसू लागतो. काळा आणि पिवळा मिळून हिरवट छटा येते. एकूण, मनुष्याच्या चेहऱ्याला लागणारे बहुतेक सर्व या चारांत सामावते.

आपल्या लोकांचा वर्ण रंगविण्यासाठी परदेशी पुस्तकांतील गुलाबी मिश्रणे निरुपयोगी आहेत. आरंभासाठी हे प्रमाण घ्यावे : पिवळा दोन भाग, तांबडा एक भाग, काळा अर्धा भाग, ही मध्यछटा. उजेडासाठी तीत पांढरा घालावा, पण त्याबरोबर थोडा पिवळाही, कारण नुसत्या पांढऱ्याने सावळी त्वचा खडू फासल्यासारखी राखाडी दिसते. सावलीसाठी तांबडा व काळा वाढवावा आणि पांढऱ्याला तेथे फिरकूही देऊ नये. आकाशाचा उजेड शीतल असतो, म्हणून सावळ्या कपाळावरची चकाकी किंचित निळसर करडी आणि सावली उबदार दिसते. ही गोष्ट एकदा डोळ्याला उमगली की रंग मिसळणे पुष्कळ सोपे होते. शिवाय चेहरा सर्वत्र एका रंगाचा नसतो. कपाळाकडे पिवळसर झाक, नाक, गाल व कान यांवर तांबूस, आणि दाढी केलेल्या पुरुषाच्या हनुवटीभोवती करडी. उन्हात राबणाऱ्या शेतकऱ्याने फेटा काढला की कपाळावर भुवयांच्या वर एक स्पष्ट सीमा दिसते, खाली उन्हाने काळवंडलेली आणि वर झाकून राहिलेली उजळ त्वचा. ती सीमा गुळगुळीत करून टाकणारा चित्रकार त्या माणसाचे आयुष्यच पुसतो.

८. चार बैठकींत एक चित्र

समजा, सत्तरीचे एक शेतकरी आजोबा बसावयास तयार झाले आहेत. कॅनव्हास १८ × २४ इंच, प्रायमर दिलेला. कोऱ्या कापडावर थेट तैलरंग लावू नये, तेल धाग्यांना कुजविते. कापडाची पांढरी चमक डोळ्यांना फसविते, म्हणून, वरील चार रंगांखेरीज केवळ खालच्या थरासाठी घेतलेला, अंबर रंग टर्पेंटाईनमध्ये पातळ करून सर्व कापडावर पुसून घ्यावा आणि एक-दोन दिवस सुकू द्यावा. अंबर मातीत मँगनीज असते आणि त्यामुळे तो लवकर वाळतो; खालच्या थरासाठी त्याची निवड होते ती याच कारणाने.

पहिली बैठक केवळ मांडणीची. डोके चौकटीच्या मध्याच्या वर, नजर ज्या दिशेस आहे तिकडे थोडी अधिक मोकळी जागा. मग कोळशाने मोठे आकार : फेट्याचा घेर, चेहऱ्याचा लंबगोल, मानेचा कल, खांदे. भुवई, नाकाचा तळ, हनुवटी यांच्या तीन आडव्या खुणा. डोळे अद्याप काढू नयेत. आजोबा उठून चित्राकडे पाहतील आणि “यात मी कुठं आहे?” असे विचारतील, त्यांना “आजोबा, अजून तुम्ही यायचे आहात,” असे सांगावे आणि चहा द्यावा.

दुसरी बैठक छायेची. अंबर आणि टर्पेंटाईन एवढ्यावरच सर्व सावल्या एका सलग आकारात भराव्यात. डोळ्याची खोबण, नाकाची बाजू, गालाखालचा भाग, मानेवरची पडछाया ही वेगवेगळी बेटे नसून बहुधा एकमेकांना जोडलेली असतात. ती जोडलेलीच रंगवावीत. बैठक संपताना दहा पावले मागे जाऊन पाहावे. ओळख पटली पाहिजे. ही बैठक सर्वांत महत्त्वाची आहे आणि येथे घाई करणाऱ्याचे चित्र पुढे कितीही रंगविले तरी सुधारत नाही.

हा थर सुकल्यावर तिसऱ्या बैठकीत वर सांगितलेल्या मिश्रणांनी रंग चढवावा : आधी सावली, मग मध्यछटा, शेवटी प्रकाश. प्रत्येक छटेला वेगळा ब्रश ठेवला तर रंग मळत नाहीत. सावलीतला रंग पातळ, प्रकाशातला दाट, हे युरोपातील जुन्या चित्रकारांचे तंत्र आजही उत्तम आहे.

चौथ्या बैठकीत, आणि त्याआधी नव्हे, अवयव. वरच्या पापणीची सावली बुबुळावर पडते, ती टाकल्यावाचून डोळा वटारल्यासारखा दिसतो. डोळ्यातील चमक एकच बिंदू, खिडकीच्या बाजूला. ओठांना रेघेने बांधू नये. भाव ओठांच्या कोपऱ्यांत असतो आणि ते कोपरे मऊ ठेवावेत. उजेडाच्या बाजूची फेट्याची कड स्पष्ट, सावलीकडची कड पार्श्वभूमीत विरलेली, असे झाले की डोके कापडावर चिकटविलेले न दिसता हवेत वसलेले दिसते. मग थांबावे. समाधान झाल्यावरही ब्रश फिरवीत राहणे हा फार मोठा धोका आहे.

९. पावसाळा, आणि चित्राचे पुढील आयुष्य

आंबा आणि विशाळगड या बाजूला पाऊस सुरू झाला की हवा महिनोन् महिने ओली असते. रंग मंद गतीने वाळतो, कापड सैल पडते, आणि बंद खोलीत बुरशी धरते. चौकटीच्या कोपऱ्यांतील पाचरा हलक्या हाताने ठोकून कापड पुन्हा ताणता येते. चित्र ओल धरणाऱ्या भिंतीला टेकवून ठेवू नये. मागे बोटभर पोकळी राहील असे टांगावे. अंधारात ठेवलेले जवसाचे तेल पिवळे पडते, म्हणून ताजे चित्र कपाटात कोंडण्यापेक्षा उजेडाच्या पण उन्हाबाहेरच्या भिंतीवर असावे. व्हार्निशची घाई नको. सहा महिने ते वर्ष जाऊ द्यावे.

या अवधीत दुसऱ्यांची चित्रे पाहावीत. सकाळच्या एस.टी.ने मलकापुराहून निघाले तर कोल्हापूरचे टाऊन हॉलमधील वस्तुसंग्रहालय आणि नव्या राजवाड्यातील संग्रहालय पाहून सायंकाळी परत येता येते. पुण्यास गेल्यास बालगंधर्व रंगमंदिरातील, गोपाळ देऊस्कर यांनी रंगविलेली बालगंधर्वांची चित्रे पाहावीत. प्रत्येक चित्र आधी लांबून, डोळे किलकिले करून पाहावे, आणि मग इतके जवळ जावे की माणूस नाहीसा होऊन केवळ ब्रशाचे फटकारे दिसू लागतील.

शेवटी वाचकांना एक विनंती. आपल्याकडे जुन्या घरांत अशा तसबिरी आहेत की, त्यांतील माणूस कोण आणि त्या कोणी काढल्या हे सांगणारे कोणी उरलेले नाही. तेव्हा चित्र पूर्ण झाले की चौकटीच्या मागील लाकडावर बसणाऱ्याचे नाव, गाव, वय आणि तारीख पेन्सिलीने लिहावी, त्याखाली आपले नाव लिहावे. आणि घरात जुनी तसबीर असेल तर ज्यांना ठाऊक आहे त्यांना आजच विचारून तिच्या मागेही हे सर्व नोंदवून ठेवावे.